बारा मिनिटांनी धाकटा

मित्रांनो, या विश्वात प्रकाशाहून वेगवान काहीही नाही. आणि अशा त्या प्रकाशाला अडवून उलट पावली माघारी धाडण्याचे काम ज्यांच्याकडे सोपवले आहे, त्यांच्यापैकी मी एक आहे. मी एक जुना आरसा आहे. सलूनमधला. खालच्या डाव्या कोपऱ्यात माझा पारा उडाला आहे, त्यामुळे तिकडच्या खुर्चीत बसणाऱ्याला स्वतःचे एक कोपर दिसत नाही.

माझ्या जन्माबद्दल फारसे सांगता येणार नाही. पाठीला पारा लागेपर्यंत आरशाला काही दिसत नाही. दुकानात टांगल्यावर मी नीट डोळे उघडले, तर समोर एकच चेहरा दोनदा! मी घाबरलो. वाटले, आपल्यातच काहीतरी खोट आहे. ते जुळे भाऊ होते. थोरला बारा मिनिटांनी थोरला होता आणि ती बारा मिनिटे तो जन्मभर मिरवत आला.

दोन खुर्च्या, दोन भाऊ. केस कापणाऱ्याला स्वतःच्या मानेवरचे केस कापता येत नाहीत, म्हणून सुट्टीच्या दिवशी ते एकमेकांचे कापत. त्या तासाभरात दुकानात कात्रीशिवाय कुणी बोलत नसे.

मग एकदा एका वस्तऱ्यावरून भांडण झाले. दोघेही म्हणत, हा माझा. तसा वस्तऱ्याचा काही संबंध नव्हता. पण घरातल्या भांडणांना बसायला कुठलीतरी वस्तू लागतेच. धाकटा दूरच्या शहरात निघून गेला. थोरल्याने गल्लीभर सांगितले, "तो मला सोडून गेला." धाकट्याची खुर्ची मात्र कुणाला बसायला दिली नाही, आणि स्वतःची मान कुणाच्या हाती दिली नाही. हातात छोटा आरसा धरून तो स्वतःच मागची रेघ काढी. ती भूकंप मोजणाऱ्या यंत्राने काढल्यासारखी येई. गल्ली हसे. हा मख्ख.

अशी एकोणीस वर्षे गेली. रोज दुकान उघडले की तो माझ्यासमोर उभा राही आणि हळूच विचारी, "काय, बरा आहेस ना?" मी कोणाचा चेहरा दाखवणार? माझ्याकडे एकच होता. त्याचे ओठ हलले की माझ्यातले ओठही हलत. म्हणजे तिकडूनही तोच प्रश्न येई, फक्त आवाजाशिवाय. मित्रांनो, मी काच आहे, पण मला काटा येई.

अशात वायरमनने कुठेतरी सापेक्षतेबद्दल वाचले. तो आणि पोस्टमन, दोघेही निवृत्त, दुपारी आमच्याकडे बसायला येत. आधी त्याने माझ्यावरच बोट ठेवले. म्हणाला, आरशात दिसतो तो आत्ताचा माणूस नव्हेच, मघाचा. उजेडाला जाऊन यायला वेळ लागतो. त्या दिवसापासून माझ्यासमोर कुणी बसले की मला वाटते, हा उठून गेलेला माणूस आहे.

पोस्टमनला वेगळेच सुचले. धावत्या माणसाचा वेळ सावकाश चालतो, तर बत्तीस वर्षे सायकल मारल्याने आपण वायरमनपेक्षा तरुण ठरतो, असे तो म्हणू लागला. वायरमनने हिशेब करून सांगितले की त्याची कमाई पापणी लवण्यापेक्षाही कित्येक पट कमी आहे. पोस्टमन म्हणाला, कमी असेल, पण माझी आहे.

मग एके दुपारी वायरमनने जुळ्या भावांचे कोडे काढले. एक अग्निबाणात बसून प्रचंड वेगाने दूर गेला, एक घरी राहिला. गेलेला परत आला तेव्हा तो तरुण, घरचा म्हातारा. पोस्टमन अडून बसला. अग्निबाणातल्याला वाटणार की आपण जागेवर आहोत आणि घरच दूर चालले आहे. मग घरचा का नाही तरुण? आवाज चढले. कोडे जुळ्यांचे आहे आणि आपण कुठे बसलो आहोत, याचे दोघांनाही भान नव्हते.

थोरल्याची कात्री थांबली.

"यातलं खरं कुणाचं?" त्याने विचारले.

वायरमनच्या आता लक्षात आले. तो चाचरत म्हणाला, "दोघांचंही, मालक. दोघं सरळ चाललेत तोवर दोघंही म्हणणार, तूच लांब गेलास. आणि दोघंही बरोबर."

"मग ठरतं कधी?"

"एकजण वळून परत आला की. जो वळतो त्याचं वय कमी भरतं."

"आणि कुणीच वळलं नाही तर?"

"मग भेटच नाही. ठरवायचं काय त्यात?"

दुसऱ्या दिवशी शटर उघडले नाही. मालक गाडी पकडून गेल्याचे बाहेरच्या बोलण्यावरून कळले. नऊ दिवस मी अंधारात होतो. त्या दिवसांत धाकट्याच्या खुर्चीत कुणीतरी बसून आहे असे मला सारखे वाटे. उजेडच नव्हता, त्यामुळे खात्री करता आली नाही.

दहाव्या दिवशी तो परतला आणि स्टुलावर बसून त्याने वायरमनला आणि पोस्टमनला सगळे सांगितले. धाकट्याला वारून सात महिने झाले होते. तिथले त्याचे सलून आता बायको चालवते. हा दारातून आत शिरला तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण होता. त्याने आरशात याला आत येताना पाहिले आणि गळ्यातल्या फडक्यासकट रस्त्यावर धाव घेतली. बाई ओरडली नाही. वस्तरा पुसत म्हणाली, "उशीर केलात, भाऊजी."

तिथेही दोन खुर्च्या होत्या. एक रिकामी. ती कुणाची, हे त्याने विचारले नाही, तिनेच सांगितले. "सगळ्यांना सांगायचे, भाऊ मला सोडून गेला."

इकडे पोस्टमनने हळूच विचारले, "म्हणजे वयाचं आता..."

"तो अठ्ठावन्नावर थांबला," थोरला म्हणाला. "मी पुढं चाललोय. आता फरक वाढतच जाणार."

मग तो उठला, धाकट्याच्या खुर्चीत बसला आणि कात्री पोस्टमनच्या हातात दिली. म्हणाला, मागची रेघ तेवढी काढ. पोस्टमनने आयुष्यात पाकिटाची कडसुद्धा सरळ कापली नसावी. वायरमन दिवा धरून उभा राहिला आणि चुकीच्या सूचना देत राहिला. इतकी वाकडी रेघ मी अजून पाहिलेली नाही. थोरल्याने छोटा आरसा मागे धरून ती नीट पाहिली आणि म्हणाला, "छान आलीय." त्याला खोटे बोलता येते. मला ती सोय नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी कुणाला सोडून गेले असेल. कोण कुणाला, ते ठरवत बसू नका. मी एका काचेवर दोघांना पाहिले आहे, मलाही ठरवता आले नाही. गाडी मिळते आहे तोवर वळा. एवढेच सांगायचे होते. थोरला अजून त्या खुर्चीतच डोळे मिटून बसला आहे, तेव्हा जाताना दार हळू ओढून घ्या. कापलेले केस वाऱ्याने उडतात आणि माझ्यावर चिकटतात.