तळघरातली गादी

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. अंगात स्प्रिंगा, मधोमध खळगा आणि एका कोपऱ्याला कॉफीचा डाग. स्वभाव मात्र पहिल्यापासून चौकस! ओहायोतल्या कारखान्यात मला शिवलं, तेव्हाही टाके घालणाऱ्या बायकांच्या गप्पा मी कान देऊन ऐकत होते.

दुकानातून मला वेंडेल नावाच्या घरमालकाने आणलं. आमचं गाव कॉलेजचं. मुलं येतात, शिकतात, जातात. वेंडेलने घराच्या तळघरातही भाड्याची एक खोली काढली आणि मला तिथं टाकलं. किती पोरं माझ्यावर झोपली! परीक्षेआधी घोकत बसली, घरच्या आठवणीने रडली, पिझ्झा खाऊन हात मलाच पुसले. "अशी झोप घरीसुद्धा लागत नाही," असं एक जण म्हणाला, तेव्हा मी फुलून गेले होते.

पण एक कोडं मला सुटेना. दरवर्षी नगरपालिकेचं माणूस घराची तपासणी करायला येई आणि आदल्या दिवशी मला उचलून गॅरेजमध्ये नेत. तपासणी झाली की पुन्हा खाली. का बरं? मी काय चोरीचा माल होते? की चारचौघांत दाखवायची लाज वाटावी इतकी कळकट? ते तपासणारं माणूस एकदा तरी बघावं, अशी मला भारी हौस होती.

यंदा ती फिटली. गॅरेजमध्ये वेंडेलची नवी बोट येऊन पडली होती, मला जागाच उरली नव्हती. म्हणून त्याने मला पाणी तापवायच्या गॅसच्या बंबाला टेकवून उभं केलं.

"विचारलं तर ही अडगळीची खोली," त्याने डिलेनीला बजावलं. यंदा तळघरात तीच राहत होती. "नाहीतर खोली बंद होईल. भर सत्रात दुसरी कुठं मिळणार तुला, पोरी?"

डिलेनीने मान हलवली. तिला परवडेल अशी दुसरी खोली गावात नव्हती.

तपासायला आल्या नोरीनबाई. त्या आणि वेंडेल एकाच शाळेत शिकलेले. बाई जिना उतरल्या त्या थेट माझ्याकडेच आल्या.

"अरे देवा! बंबाला गादी? घर पेटवायचंय का तुला, वेंडेल?"

"जुनी आहे गं ती. टाकूनच द्यायची आहे."

टाकून द्यायची! माझ्या काळजात चर्र झालं.

नोरीनबाईंनी मला बाजूला ओढलं. "इथं कोणी झोपत नाही ना? जिन्यात आग लागली तर बाहेर पडायला ही एवढीशी खिडकी. हिच्यातून कोण निघणार?"

"न निघायला काय झालं? ही डिलेनी बघ, काडीपैलवान! सहज निघेल," वेंडेल हसत म्हणाला आणि लगेच सावरला. "म्हणजे, आपलं उदाहरण दिलं. झोपत नाही कोणी."

डिलेनी खिडकीकडे बघत राहिली. तिच्या मनात काय आलं कोण जाणे, तिने खुर्ची ओढली, वर चढली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मग एक हात काढला. पण खांदे अडकले. तिने जोर लावला, पाय झाडले, तरी पुढे नाही आणि मागेही नाही.

"अगं, काय ही माकडचेष्टा! उतर खाली!" वेंडेल ओरडला. त्याचं हसू मावळलं होतं. शेवटी नोरीनबाईंनी पाय धरून तिला आत ओढलं.

ती माझ्याशेजारी मटकन बसली. चेहरा पांढराफटक पडला होता.

"ही गादी माझी आहे," ती म्हणाली. "मी रोज इथंच झोपते."

वेंडेलने कपाळाला हात लावला. "झालं! आता बस रस्त्यावर!"

"रस्त्यावर कशाला?" नोरीनबाई म्हणाल्या. "ही खोली आजपासून बंद. खिडकी मोठी होईपर्यंत हिची सोय तू वर करायचीस. नाहीतर अख्खं घर भाड्याने द्यायची परवानगीच काढून घेईन."

त्या दुपारी एक टोक वेंडेलने धरलं, एक डिलेनीने, आणि माझी वरात निघाली. वेंडेल पायरीगणिक कुरकुरत होता. वर भाड्याने राहणाऱ्या पोरींनीही मला जागा करायला कोच सरकवताना तोंडं वाकडी केली, पण सरकवला. माझं कोडं सुटलं. गादी दिसली की झोपणारं माणूस आलंच, म्हणून मला लपवत होते!

मित्रांनो, मला ऊन दाखवा, झटका, डाग काढा. बरं वाटेल मला. पण मला अंथरण्याआधी त्या खोलीतून एकदा जागेपणी बाहेर पडून बघा. मी माणसाला झोपवू शकते. उठवून बाहेर काढणं मला जमत नाही.