सगळं विकत घेणारं गिऱ्हाईक

मी प्रोग्रॅममधली चूक शोधायला बसले आणि नव्हती तिथे चूक घालून उठले, ही गोष्ट १९८३ची. तेव्हा मी इस्रायलमधल्या पेताह तिक्वा गावात, बँकांच्या कारकुनांना शिकवणाऱ्या एका संस्थेत प्रोग्रॅम लिहीत असे. आमच्याकडे सरावासाठी संगणकावरचा एक खोटा शेअरबाजार होता. शिकणाऱ्यांनी पडद्यावर खरेदी-विक्रीच्या ऑर्डरी टाकायच्या, खोट्याच पैशांनी.

मे महिन्यात तक्रार आली की विक्रीच्या ऑर्डरी पुऱ्याच होत नाहीत, नुसत्या लटकून राहतात. तीन दिवस मी ओळन् ओळ तपासली. प्रोग्रॅम बरोबर होता. सरावात वाईट बातमी दिली की चाळीसच्या चाळीस जण विकायला धावत, घ्यायला कोणीच नसे. मग ऑर्डर पुरी होणार कशी? आमचे साहेब झेएव यांना मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "रविवारी नवा वर्ग येतोय. ऑर्डर पुरी झालेली दिसली पाहिजे."

मी वाद घातला नाही. प्रोग्रॅममध्ये एक गिऱ्हाईक बसवलं. कोणी काहीही विको, ते चालू भावाने सगळं विकत घेणार. झेएवनी पाठ थोपटली आणि मी फुगले.

जूनमध्ये हासाजीकाका बेर्शेबाहून आले. वडील गेल्यावर मला त्यांनीच वाढवलं. आता ते कारखान्यातून निवृत्त झाले होते आणि सगळी पुंजी बँकेच्या शेअरांत होती, तेव्हा बहुतेकांची असायची तशी. कोकणात आमच्या मूळ गावी, रेवदंड्याला, त्यांचे थोरले भाऊ मोर्देखाय अंथरुणाला खिळले होते. आम्ही इस्रायलला आल्यापासून एकोणीस वर्षांत भेट नव्हती. काका तिकिटापुरते शेअर विकायला निघालेच होते, पण भाव चढत होता. सप्टेंबरातल्या सणांपर्यंत थांबलं तर लेआकाकीचंही तिकीट निघत होतं.

"पन टायमाला विकले जातील ना गं, सुझॅन?"

"जातील की!"

"आनि समदेच एकदम विकायला निघाले तर? समद्या बागांचे आंबे एकाच दिवशी बाजारात आले, तर घेनार कोन?"

मला कळायला तीन दिवस लागले ते चौथी शिकलेल्या माणसाने एका दमात विचारलं. आणि मी अतिशहाणीने काय करावं? त्यांना ऑफिसात नेऊन संगणकापुढे बसवलं. पुतणी किती हुशार ते दाखवायची हौस! वाईट बातमी लावली, सगळ्यांच्या नावाने विक्री टाकली आणि काकांकडून त्यांचीही टाकून घेतली. क्षणात पडद्यावर आलं, 'विकले'. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मग थांबतो मी," म्हणाले.

ते गिऱ्हाईक मीच घातलंय, हे ओठांवर आलं होतं. पण मग माझी शान कुठे राहिली असती? मी गप्प बसले. त्याची लाज अजून वाटते.

ऑक्टोबरात खरोखरच सगळे एकदम विकायला निघाले आणि बाजारच बंद झाला. काका रोज बँकेच्या दारात जाऊन उभे राहत. माझीही शिल्लक तिथेच अडकली होती. बाजार उघडायच्या आत रेवदंड्याहून तार आली. मोर्देखायकाका गेले.

पंधरा दिवसांनी त्यांच्या मुलाचं, अमोसचं, पत्र आलं. 'बाबा रोज विचारत, हासाजी निघाला का.' उत्तर लिहायला काकांनी मला बसवलं. पेन हातात घेतल्यावर मला राहवेना.

"काका, त्या संगणकात घेणारा मी घातला होता. खरं तर कोणीच घेत नव्हतं. मला ठाऊक होतं."

काकांनी अमोसचं पत्र घडी घालून खाली ठेवलं.

"तवाच सांगितलं असतंस, तर मी जूनमधीच गेलो असतो," म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मग त्यांनी चष्मा पुसला. "लिही. अमोस, चूक माझी. मला पैशाची हाव सुटली, म्हनून उशीर झाला."

आणि मी ते शब्दन् शब्द लिहून कागद त्यांच्यापुढे सहीला सरकवला.