आडनावापुरती रिकामी

मी पाटी बोलतेय. शाळेतली नव्हे, दारावरची. पितळी, हातभर लांब, दोन्ही टोकांना स्क्रूसाठी भोकं पाडलेली. दारावरची म्हणते खरी, पण दार काही मी अजून पाहिलेलं नाही. बारा वर्षं झाली, त्या भोकांत एकदाही स्क्रू गेलेला नाही.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. मालक पाट्या कोरायचे. डॉक्टरांच्या, शाळांच्या, कुणाच्या आठवणीसाठी बाकावर बसवायच्या. हत्यारं म्हणाल तर छिन्नी आणि हातोडी, बस्स. खडूने रेघ मारायची, जीभ दातांत धरायची आणि एकेक अक्षर काढायचं. चाळीस वर्षांत त्यांचा हात एकदाही घसरला नव्हता, आणि हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे.

त्यांची एकुलती एक लेक वकिलीची परीक्षा पास झाली. तिला आठवण म्हणून काय द्यायचं, यावर घरात चार दिवस खल चालला. आईचं म्हणणं, छानसं पेन द्यावं. मामाचं म्हणणं, घड्याळ. मालकांनी दोघांनाही उडवून लावलं.

"पेन हरवतं, घड्याळ बंद पडतं. मी माझ्या हातची पाटी देतो. जन्मभर तिच्या दारावर राहील."

त्यांनी ठेवणीतला जाड पत्रा बाहेर काढला. तीच मी. गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून आठ दिवस ते माझ्यावर खपत होते. वर तिचं नाव, खाली बारीक अक्षरांत पदवी. नाव तर असं कोरलं की स्वतःच तीनदा मागे सरून बघत राहिले. इतका जीव ओतलेला मी कधी पाहिला नाही, हे मान्य करते.

पण नावापुढे त्यांनी काहीच कोरलं नाही. मला वाटलं, जेवायला गेले असतील. कसलं काय! आले, पट्टी लावली, आजवर कोरलेलं सगळ्यात लांब आडनाव आठवलं, तेवढी जागा मोजून सोडली आणि मला पॉलिशला घेतलं. "कुणाच्याही घरी गेली तरी मावेल," असं स्वतःशीच म्हणाले. आणि वर खूश!

लेकीने माझ्यावरचा कागद सोडला आणि नाव पाहून तिचे डोळे भरून आले. अक्षरांवरून बोट फिरवत फिरवत ती पुढे गेली. गुळगुळीत पितळ लागलं, तशी थांबली.

"बाबा, इथे काय?"

"ती पुढची सोय. लग्न ठरलं की सांग, तासाभरात कोरून देतो. पितळेवरचं खोडता येत नाही, बाळा."

"पण मला आज आडनाव आहे की. तुमचंच आहे. तेच कोरा ना."

"आणि चार वर्षांनी काय करायचं? एवढी चांगली पाटी मोडीत घालायची?"

"लग्न झालं की नाव बदलायलाच पाहिजे, असं कायद्यात कुठेही नाही."

"कायदा ठेव तुझ्या कोर्टात. तो काही घरोघर पाट्या ठोकायला येत नाही."

मामा खो खो हसला. आई उठून स्वयंपाकघरात गेली. लेक मात्र जागची हलली नाही. अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, आज कोरा. मी आजच बरोबर नेते."

एवढंच हवं होतं तिला. तीन अक्षरांचं आडनाव! दुकान घराच्या खालीच, छिन्नी तिथेच पडलेली. मालक म्हणाले, "उगाच हट्ट करू नकोस."

पुढच्याच आठवड्यात ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. कपडे नेले, पुस्तकं नेली. मामाने शेवटी घड्याळ दिलंच होतं, तेसुद्धा मनगटावर बांधून गेली. मला नेलं नाही.

माझी रवानगी फळीवर झाली, पॉलिशच्या डब्यांमागे. कुणी विचारलंच तर मालक सांगायचे, "लेकीची आहे. आडनाव यायचंय." जसं काही ते टपालाने येणार होतं!

एकदा आई लेकीकडे राहून आली आणि दुकानात येऊन म्हणाली, "तिने दारावर पुठ्ठा चिकटवलाय. स्केचपेनने लिहिलंय. पूर्ण नाव, आपल्या आडनावासकट."

"पुठ्ठा किती दिवस टिकणार?" मालक म्हणाले.

टिकला. मग त्याच्या जागी बाजारातली साधी पाटी आली. मग तिचं लग्न झालं, तरी आडनाव तेच राहिलं. जावयाची काही हरकत नव्हती. मालकांना हे कळलं, त्या दिवशी त्यांनी हत्याराला हात लावला नाही. ज्या परक्या आडनावासाठी मला अर्धी रिकामी ठेवली, ते कधी येणारच नव्हतं. मला वाटलं, आता तरी कोरतील. पण आपलं चुकलं हे कबूल करायला त्यांना आणखी पाच वर्षं लागली, आणि तोवर त्यांचे हात थरथरायला लागले होते.

गेल्या महिन्यात त्यांनी मला खाली काढलं. समोरच्या दुकानातला मशीनवर पाट्या कोरणारा म्हणाला, "द्या इकडे काका, दोन मिनिटांत करून देतो."

"माझ्याच हातचं पाहिजे," मालक म्हणाले.

खडूची रेघच वाकडी आली. पहिलं अक्षर कसंबसं उमटलं. दुसऱ्याला छिन्नी सटकली आणि सरळ मागे जाऊन लेकीच्या नावावरून फिरली. चर्रकन ओरखडा उठला. मालक अंगठ्याने तो घासत बसले, जसा काही तो खडूचाच होता.

रविवारी लेक आली. त्यांनी मला तिच्या पुढ्यात ठेवलं. "उशीर झाला. पण कोरायला घेतलंय."

तिने ते अक्षर पाहिलं. मग नाव पाहिलं. "हा ओरखडा कसला?"

"हात सटकला."

तिने त्यांचा थरथरता हात आपल्या दोन्ही हातांत धरला. बराच वेळ धरला. "तेव्हा हात किती चांगला होता, बाबा."

"आता नेशील ना?"

"माझ्या दारावर पाटी आहे."

रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिने मला फडक्यात गुंडाळलं आणि स्वतःच्या हाताने परत फळीवर ठेवलं.

मी तिला दोष देत नाही. पण तुम्ही उद्या एखाद्या पोरीला कौतुकाने काही द्यायला निघालात, तर एवढं ऐका. ती आज जी आहे तिला द्या. ती उद्या कुणाची होईल, त्याच्या मापाने नको.

मालक अजून दर शनिवारी मला खाली काढतात आणि पॉलिश करतात. घासून घासून ओरखडा जाईल, अशी त्यांना आशा आहे. पितळेवरचं खोडता येत नाही, हे त्यांनीच तिला सांगितलं होतं.