रेवडीचं बोट

मी एक जुना ग्लुकोमीटर आहे, मित्रांनो. रक्तातली साखर मोजणारा. कर्जत तालुक्यातल्या एका पैलवान मुलीच्या पिशवीत मी सहा वर्षं काढली. आकडे सांगून सांगून जीव विटला आहे. तरी एक आकडा मनातून जात नाही. तेवढा सांगतो आणि गप्प बसतो.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, तिथलं काही आठवत नाही. मला काम मिळालं ते रेश्माच्या घरी. दहाव्या वर्षी तिला मधुमेह झाला आणि कुस्तीचं वेड तर त्याआधीपासून. मेहनत केली की तिची साखर कधी झर्रकन उतरायची, कधी झटापटीत उलट चढायची आणि काही तासांनी घसरायची. म्हणून तालमीआधी, तालमीनंतर, झोपण्यापूर्वी तिच्या बोटाला सुई आणि माझ्या तोंडाशी रक्ताचा थेंब. तिचे वडील गहिनीनाथ मला देव्हाऱ्याशेजारी ठेवायचे. "ह्ये हाय म्हनून पोरगी खेळती," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. खरं सांगू? एवढा मान मला जडच जायचा.

गेल्या वर्षी जत्रेत हगामा, म्हणजे कुस्त्यांचा फड होता. आमच्याकडे हगाम्याची सुरुवात लहानग्यांच्या कुस्त्यांनी होते आणि जिंकणाऱ्याला ओंजळभर रेवड्या मिळतात. त्या वाटायचा मान त्या वर्षी रेश्माला होता. तासाभराने तिची स्वतःची कुस्ती होती. रेवड्या वाटून झाल्यावर तिने हात पँटला पुसले, बोट टोचलं आणि मी आकडा दाखवला. तीनशे अठरा.

गहिनीनाथांचा चेहरा उतरला. "सकाळी एकशेसाठ हुती. रेवड्या खाल्ल्या व्हय गं?"

"शप्पत आप्पा, एकबी न्हाई खाल्ली."

"मग काय मशीन खोटं बोलतंय?"

मित्रांनो, खोटं बोलायचं माझ्या मनात नव्हतं. पण रेवडीची साखर तिच्या बोटाला चिकटली होती, ती थेंबात मिसळली आणि मी तीही मोजली. ओरडून सांगावं तर मला कुठला आवाज? वडिलांनी तिला इन्सुलिनचं जादा इंजेक्शन दिलं. रेश्मा डोळे पुसत केस घट्ट बांधू लागली. आई-बापाने अविश्वास दाखवला की पोरांचा चेहरा कसा होतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

कुस्तीला चार मिनिटं झाली असतील, तिची पकड सुटली. ती पंचांकडे पाहून काहीतरी भलतंच बोलू लागली. "दमली, दमली," असं लोक म्हणाले. पण आई, सत्यशीलाबाई, गर्दीतून वाट काढत थेट मातीत उतरली. लेकीचं अंग गार घामाने भिजलं होतं. आईने बाटलीतल्या पाण्याने तिचं बोट चोळून धुतलं, पदराने कोरडं केलं आणि मला पुढे केलं.

चव्वेचाळीस.

"आवं, हिच्या हाताला रेवडी लागली हुती!"

पोरीला अजून घोट गिळता येत होता, हे नशीब. ग्लुकोजचं पाणी थोडं थोडं पाजलं. पंधरा मिनिटांनी मोजलं तर एक्याऐंशी. गहिनीनाथ तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

कुस्ती गेली. मीही गेलो कपाटात, तीन महिने. नवं यंत्र आलं. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की दोष यंत्राचा नव्हता, बोट धुतलं नव्हतं. तेव्हा रेश्मानेच मला बाहेर काढलं, जादाचा म्हणून. आता ती आधी साबणाने हात धुते आणि मग थेंब देते. आकडा पटला नाही तर पुन्हा मोजते.

मित्रांनो, मला जपा, पुसून ठेवा, असं मी म्हणत नाही. मी थकलो आहे, उद्या बंद पडेन, दुसरा येईल. आता गहिनीनाथ मला हातात घेण्याआधी रेश्माला विचारतात, "तुला कसं वाटतंय ते सांग पैलं." हे ऐकलं की मला हायसं वाटतं. त्या दिवशी ती शपथ घेऊन खरं सांगत होती, आणि तिच्या बापाने विश्वास माझ्यावर ठेवला होता.