बरा झालेला कान

लसूण घालून तापवलेल्या तेलाचा उग्र, करपट गंध आला, की हिवाळ्यातले कोवळे ऊन आणि त्या उन्हात मान उजवीकडे कलवून बसलेली माझी थोरली बहीण, आक्का, डोळ्यांपुढे उभी राहते. डाव्या कानात ते तेल, वर कापसाचा बोळा आणि मुद्रेवर एखाद्या योगिनीलाही न लाभणारे समाधान! गारगोटीच्या तिच्या अंगणातले ते प्रसन्न चित्र पाहून माझे मस्तक मात्र तापू लागे.

सारा अनर्थ ‘फुटला’ या एका शब्दाचा. पडद्यामागे पू साचतो, ताण वाढतो, कान ठणकतो. पडदा फाटला की पुवाला वाट मिळते आणि ठणका थांबतो. थांबते ती वेदना, व्याधी नव्हे. वर्गातल्या मुलींना हे मी फळ्यावर आकृती काढून सहज पटवून देत असे. आक्कासमोर माझा खडू निष्प्रभ ठरला.

“फुटला की त्यो! आता ठणका न्हाय, काय न्हाय. बरा झालाय.”

“अगं, पण अजून वाहतोय. वास येतोय.”

“वाहू दे की. घाण आत ठेवू व्हय? शाळंतनं रिटायर झालीस, पर आमचा वर्ग काय सोडंनास!”

अखेर हट्टाने मी तिला कोल्हापुरात डॉक्टरांना दाखवले. कानामागचे हाड आतून कुरतडले जात होते आणि चेहरा हलवणारी नस त्याच हाडातून जाते. शस्त्रक्रिया लांबवू नका, असे त्यांनी निक्षून सांगितले. “म्हस व्याली की येतो,” आक्का म्हणाली. म्हैस व्याली, मग ऊसतोड आली, मग जावेच्या घराची वास्तुशांत. ऋतू एकामागून एक ओसरत गेले आणि तो स्राव पाझरत राहिला; संथ, वेदनाहीन आणि म्हणूनच निर्दय.

फाल्गुनातल्या एका सकाळी चहाचा घोट तिच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळला. डावा डोळा मिटेना. तेव्हा कुठे ती एसटीत बसली! शस्त्रक्रिया झाली, चेहरा हळूहळू सावरला, पापणी मिटू लागली; त्या कानाचे ऐकणे मात्र परतले नाही.

आता ती माझ्याकडे आली, की संध्याकाळी आम्ही रंकाळ्याच्या काठाने चालतो. लहानपणी शाळेला जाताना मी तिचा डावा हात धरून चालत असे. पावलांची ती सवय अजून सुटत नाही. पाण्यावर तांबूस प्रकाश विरघळत असतो, मी बोलत असते आणि आक्का समोर पाहत निवांत चालत असते. शेवटी वैतागून मी तिला दंडाला धरून वळवते आणि तेच पुन्हा मोठ्याने सांगते.

“आरडतीस कशाला? ऐकू येतंय की!”

काळ माणसाला नेतो, तेव्हा निदान त्याची जागा रिकामी दिसते. इथे आक्का हाताच्या अंतरावर आहे, आणि आठवते तेव्हापासून माझी हाक तिच्यात जिथे पोचत असे, तेवढीच जागा तिच्यातून निघून गेली आहे.