पडकाका

"बाबा, पडा ना!"

इतक्या वर्षांनंतरही तो आवाज त्याच्या कानात तसाच होता. हलणाऱ्या दातामुळे किंचित बोबडा, पण हुकूम सोडणारा. "असं नाही, मोठ्ठं पडा!" मग तो ओटा आणि खाट यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत मोठ्ठं पडायचा. फरशीवर सपाट हात आपटून धप्पकन आवाज काढायचा. खालच्या मजल्यावरची म्हातारी झाडूच्या दांड्याने छत ठोकायची, आणि खाटेवर बसलेली लेक टाळ्या पिटत स्वतःच जुळवलेलं गाणं म्हणायची:

पडला गं पडला, माझा बाबा पडला,
भुई पुसे हसून, लागलं का रे तुला?

"काका, अहो काका! ती मॅट तिरकी जातेय."

तो भानावर आला. रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये गुडघ्यांवर बसून तो मॅट अंथरत होता. त्याला हाक मारणारी ताई मॅटचं दुसरं टोक धरून उभी होती. ताई म्हणजे जुडोच्या क्लासमध्ये लहान मुलांना शिकवणारी तरुण शिक्षिका. तिच्या पांढऱ्या पोशाखावर काळा पट्टा नवाच होता, अजून नीट वळत नव्हता.

"डोळे उघडे ठेवून झोपता की काय काका?"

"वय झालं की माणूस कसाही झोपतो," तो म्हणाला आणि मॅट सरळ केली.

शहरातले सगळे जुडोवाले दर वर्षी या हॉलमध्ये जमत. वरच्या मजल्यावरच्या वॉर्डातल्या आजारी मुलांसाठी खेळ करायचा, देणग्या गोळा करायच्या, मुलांना खाऊ वाटायचा. कार्यक्रम सरांनी सुरू केलेला. सर सगळ्यांचेच गुरू. केस पांढरे झाले होते, पण पाठ अजून ताठ. आणि सर म्हटलं की त्यांच्या मागोमाग पडकाका आलाच.

त्याला आईबापांनी दिलेलं नाव होतं, पण ते आता फक्त पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात चालायचं. तिथे तो पहाटे उठून गल्लोगल्लीचे व्हॉल्व्ह उघडायचा, दुपारी बंद करायचा. संध्याकाळी क्लासला आला की तो पडकाका. सर फेकणार आणि हा पडणार, इतका साधा हिशेब. बघणाऱ्याची नजर नेहमी फेकणाऱ्यावर असते. पण जो पडतो, तो नीट पडला नाही तर फेकणाऱ्याची शोभा काय? हनुवटी छातीशी, पाठ गोल, आणि अंग भुईला टेकायच्या आत हाताचा तळवा मॅटवर. आवाज असा की मागच्या रांगेतल्याचाही श्वास अडकावा. पडून झालं की लगेच उठायचं, सरांसमोर वाकायचं. सरांचं अर्धं नाव या आवाजावर उभं होतं.

अलीकडे तर अर्ध्याहून जास्त. सरांचा खांदा निकामी झाला होता. हात वर उचलताना ओठ आवळले जायचे. पण सरांनी श्वास आत ओढला की पडकाकाचे पाय आपसूक जमीन सोडायचे. सरांचा हात नुसता शिवला तरी हा हवेत. सरांना हे कधी कळलंच नाही. फेकून झाल्यावर दम खात म्हणायचे, "अजून जोर आहे बरं का हातात!"

हा खालून म्हणायचा, "आहे ना, सर."

घरी बायको रात्री त्याच्या कमरेला शेक द्यायची. एक शब्द बोलायची नाही. तिचं ते न बोलणं या घरातलं सगळ्यात जुनं भांडण होतं.

मुलं खाली यायला लागली. कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणी नर्सच्या कडेवर, कुणाच्या सोबत सलाइनचा दांडा लहान भावासारखा घरंगळत येतोय. तोंडावर मास्क, डोक्यावर रंगीत टोप्या. एकेका मुलाने मॅटवर यायचं आणि पडकाकाला फेकायचं, हा सगळ्यांचा लाडका खेळ. रांगेतली मुलं ओरडायला लागली, "काका, पडा ना! काका, पडा ना!"

त्या ओरड्यात दर वर्षी त्याला तो बोबडा हुकूम ऐकू यायचा, आणि दर वर्षी तो हसून पुढे व्हायचा.

पिवळ्या टोपीची एक मुलगी पुढे आली. सरांनी शिकवलं तसा तिने गाल फुगवून श्वास आत ओढला, आणि धप्प! पडकाका आडवा. मुलगी हात कमरेवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिली.

"लबाड! मी अजून हात लावलाच नाही."

सगळा हॉल हसला. तोही हसला. पण उठताना त्याला जरा लाजल्यासारखं झालं. या अंगाला आता विचारायचीही गरज उरली नव्हती.

मुलांचा खेळ संपला. मोठ्यांची प्रात्यक्षिकं सुरू होण्याआधी थोडी उसंत होती. घाम पुसायला तो मंचामागच्या खोलीत गेला. तिथे मिटलेल्या चाकाच्या खुर्च्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. त्यातलीच एक उघडून ताई तिच्यात बसली होती. मांडीवर फोन. पट्टा बांधत होती, सोडत होती, पुन्हा बांधत होती.

तिचा मुलगा वरच होता. त्याच वॉर्डात, कित्येक दिवसांपासून. हे क्लासमध्ये सगळ्यांना माहीत होतं.

"कसा आहे?" त्याने विचारलं.

"आईचा फोन होता. सकाळपासून कसंतरीच करतोय म्हणे. डॉक्टर येऊन गेले, परत यायचेत." ती खालमानेने बोलत होती. "मलाच विचारतोय सारखा."

"मग जा की वर."

"सरांना म्हटलं मी, जाऊन येते. शेवटची माझीच पाळी आहे, पण दुसरं कुणी करेल म्हटलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, 'तुला काय योग्य वाटतं ते कर. पण निर्णय घेण्याआधी एकदा पडकाकांना विचार.'" तिने वर बघितलं. डोळे लाल. "त्या दिवशी ते तुम्हाला जा म्हणाले होते ना हो? तरी तुम्ही थांबलात. मला नाही जमत, काका. माझे पाय तिकडेच ओढतात. तुम्ही कसं केलंत ते?"

त्याने तोंड उघडलं.

सरांची ती गोष्ट तो इतकी वर्षं ऐकत आला होता. दर कार्यक्रमात, दर समारंभात. लेक रुग्णालयात मरणाच्या दारात, आणि हा माणूस मॅटवर! मी म्हटलं, अरे जा. हा म्हणतो, सर, आधी क्लास. लोक उठून उभे राहायचे. परकी माणसं येऊन त्याचे हात हातात घ्यायची.

खरं काय घडलं ते दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि नंतर तिसऱ्याला. त्या दिवशी बायकोने क्लासच्या फोनवर फोन केला होता. लेक विचारतेय, बाबा कुठेत? त्यांना लगेच पाठवा. फोन सरांनी घेतला. "सांगतो," म्हणाले. हॉलमध्ये मोठे पाहुणे बसले होते, सरांना पहिल्यांदाच एवढं मोठं व्यासपीठ मिळालं होतं, आणि पडणारा माणूस एकच होता. सरांनी सांगितलं ते बक्षिसं वाटून झाल्यावर. तो पट्ट्यासकट धावत सुटला. तोवर सगळं संपलं होतं. वॉर्डाच्या दारात बायको उभी होती. तिने फक्त विचारलं, "मी फोन केला होता. मिळाला नाही का?"

त्यावरून त्याला कळलं, फोन केव्हाच आला होता. सरांना मात्र त्याने कधीच विचारलं नाही.

का नाही विचारलं? सुरुवातीला दुःखात सुचलं नाही. मग सर पहिल्यांदा ती गोष्ट बोलले, आणि तो गप्प राहिला. दुसऱ्यांदा बोलले तेव्हा आधीच एकदा गप्प राहून झालं होतं. आणि अगदी आतली गोष्ट म्हणजे, खोटी का होईना, सरांच्या त्या गोष्टीत लेकीचं जाणं कशाच्या तरी कामी आलं होतं. गोष्ट काढून घेतली, तर हातात काय उरणार? दार बघत पडलेली एक पोर, आणि धप्पकन पडून टाळ्या घेणारा तिचा बाप. ते उरलं असतं तर तो जगला कसा असता?

बायकोने एकदाच, भांडी घासता घासता म्हटलं होतं, "त्यांच्या त्या गोष्टीत मी कुठेच नाही." त्यानंतर ती कार्यक्रमाला आली नाही.

"काका?" ताई वाट बघत होती.

"पट्टा नीट बांध," तो म्हणाला. "गाठ उलटी पडलीये."

तिने मान डोलावली. पट्टा सोडला, नीट बांधला. फोन पिशवीत ठेवला आणि ती बाहेर गेली. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

बाहेर सरांच्या कॉलरला ध्वनिक्षेपकवाला छोटा माइक लावत होता. सर मॅटच्या मध्यभागी आले. हॉल शांत झाला, आणि गोष्ट सुरू झाली. तोच चढ, तोच उतार. "मी म्हटलं, अरे जा!" इथे सर थांबत. आजही थांबले. "आणि हा म्हणाला, सर, आधी क्लास."

पहिल्या रांगेत कुणीतरी नाक पुसलं. टाळ्या झाल्या.

"आणि आज," सरांचा आवाज भरून आला, "आज याच मॅटवर अशीच एक आई बसली आहे. तिचं लेकरू या क्षणी वरच्या मजल्यावर आहे. तिलाही मी म्हटलं, जा. ती गेली नाही. असे शिष्य मिळायला भाग्य लागतं."

मॅटच्या कडेला गुडघ्यांवर बसलेल्या ताईकडे सगळ्या माना वळल्या. लोक उभे राहिले. ताई वाकली, आणि वाकलेलीच राहिली. टाळ्या अंगावर पडत होत्या आणि ती त्यांच्याखाली दबत चालली होती. पडकाकाला ते ओझं चांगलं ओळखीचं होतं.

सरांनी त्याला बोटाने खूण केली. आता सरांचा नेहमीचा फेकाफेकीचा प्रकार, मग शेवटी ताईची पाळी.

मॅटवर पाय ठेवताना त्याने ठरवलं: आज पडायचं नाही. नुसतं उभं राहायचं. सर ओढतील, ढकलतील, खांदा दुखून ओठ आवळतील. अख्ख्या हॉलला दिसू दे. मग तेच विचारतील, काय झालं रे, आणि मग मी सांगेन.

तो सरांसमोर वाकला. ताठ झाला. पाय भुईत रोवले. अंगठ्यांनी मॅट घट्ट धरली. पहाटे गंजलेला व्हॉल्व्ह उघडताना धरायचा तसा सगळा जोर टाचांत उतरवला.

सरांनी श्वास आत ओढला.

आणि तो हवेत होता. त्याने नको म्हटलं होतं, पण अंगाने ऐकलं नाही. पाठ गोल झाली, हनुवटी छातीशी गेली, तळवा आपटला. धप्प! आवाज एवढा सुरेख आला की मागच्या रांगेतली मुलं आनंदाने किंचाळली.

तो छताकडे बघत पडून राहिला. एवढंही नाही जमलं. आयुष्यात एकदा उभं राहायचं होतं, तेवढंही या देहाने राहू दिलं नाही.

"ऊठ," सर ओठ न हलवता म्हणाले.

तो उठला नाही. हॉलमधल्या टाळ्या विरळ झाल्या. कुणीतरी म्हणालं, "लागलं की काय त्यांना?" त्याला कुठेतरी लांबून एक बोबडं गाणं ऐकू आलं. भुई पुसे हसून. त्याने मान वळवली. मॅटच्या कडेला ताईचे गुडघे दिसले, आणि त्यांवर गच्च आवळलेल्या दोन मुठी.

"अरे ऊठ, लागलं का?" सर काळजीने खाली वाकले. कॉलरचा माइक त्याच्या तोंडाजवळ आला.

"पोरी," तो म्हणाला, आणि त्याचाच आवाज हॉलच्या चारही भिंतींमधून त्याला परत ऐकू आला. "मी थांबलो नव्हतो गं. मला कुणी जा म्हटलंच नव्हतं. फोन आला होता, तो मला खेळ संपल्यावर सांगितला. आधी कळलं असतं तर मी हे सगळं टाकून धावत सुटलो असतो. तू जा. पळ."

मुठी सुटल्या. गुडघे दिसेनासे झाले. अनवाणी पावलं फरशीवरून धावत गेली, मग जिन्यावर, मग ऐकू येईनाशी झाली.

सर अजून वाकलेलेच होते. हात पुढे केलेला तसाच अधांतरी, खांदा दुखत असणार. त्यांनी माइकवर दुसरा हात ठेवला.

"ऊठ रे," ते कुजबुजले. "लोक बघतायत."

"बघू देत, सर," तो आडव्यानेच म्हणाला. "माझी पोर मला बोलवत होती. आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत."