खाबुऱ्याचं पदक

"अहो, पण पाऊसच पडत नाही तिथं हा माणूस रोज मोजत काय होता?"

"शून्य," गाडीचा वेग कमी न करता प्रेमानंद म्हणाला. "शून्यसुद्धा कुणीतरी बघून लिहावं लागतं."

"घरात बसून लिहिलं असतं तरी कुणाला कळलं असतं?"

"तेच तर! कुणालाही कळलं नसतं. तरी तो रोज जाऊन बघायचा."

अनुसयानं कपाळावर हात मारला. पुढच्या महिन्यात मस्कत कायमचं सोडायचं होतं. अल् घुब्राच्या फ्लॅटमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, नुसती खोकीच खोकी. संध्याकाळी सोफा बघायला लोक येणार होते. आणि हातातला सुटीचा शुक्रवार घेऊन हे गृहस्थ खाबुऱ्याला निघाले होते, एका पदकासाठी.

लोक नाणी जमवतात, तिकिटं जमवतात. चारचौघांत सांगता तरी येतं. प्रेमानंद जमवायचा ती पावसाच्या माणसांची पदकं. एक पैसा पगार न घेता वर्षानुवर्षं आपल्या अंगणातला पाऊस आणि थंडी-वारा नोंदवून सरकारला कळवणारी साधी माणसं जगभर असतात, आणि म्हातारपणी त्यांना कधीतरी एखादं पदक मिळतं, हे अनुसयाला लग्नानंतर कळलं. हॉलंडचा कुणी शाळामास्तर, जपानमधला कुणी भातशेतकरी. ते गेले की नातवंडं त्यांच्या वस्तू विकायला काढत आणि पाकिटं अल् घुब्राला येत. लेक प्रणाली लहानपणी मैत्रिणींना सांगायची, "दीज आर बाबाज् वेदर अंकल्स." प्रत्येक अंकलचं नाव प्रेमानंदला पाठ होतं. अनुसयाच्या मावसबहिणींची नावं मात्र त्याला अजून येत नव्हती.

ओमानचं पदक त्याच्याकडे नव्हतं. पंपांच्या कंपनीत त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या मुनीरनं एकदा सहज फोनवर फोटो दाखवला, त्याच्या बापाला मिळालेल्या पदकाचा. बाप तीनेक वर्षांपूर्वी वारला होता. तो फोटो पाहिल्यापासून प्रेमानंद मुनीरच्या मागे लागला होता.

"तो तुमचा हाताखालचा माणूस. साहेबाला नाही कसं म्हणेल बिचारा?" अनुसया म्हणाली.

"मी फक्त बघायला चाललोय."

"हो, सगळी पाकिटंही तुम्ही बघायलाच मागवली होती."

मुनीर हमरस्त्यावर येऊन थांबला होता. खजुराच्या बागांमधून त्याच्या गाडीमागून ते घरी पोचले. दारात त्याची आई उभी होती, सफूरा. बलुची घराणं, त्यामुळे उर्दू-हिंदी कानावरची होतीच. उरलेली टीव्हीनं शिकवली होती. तिनं खजूर आणि हलवा पुढे ठेवला, कहवा ओतला, आणि प्रेमानंदनं घसा साफ करायच्या आत पदक आणून त्याच्या तळहातावर ठेवलं.

पितळी, जाडजूड. एका बाजूला ढग, दुसऱ्या बाजूला अरबीत नाव. प्रेमानंदनं ते उन्हाकडे धरलं आणि त्याचा चेहरा असा झाला की अनुसयाला उठून निघून जावंसं वाटलं. प्रणाली झाली तेव्हा हा माणूस असा दिसला होता.

"माजी, आप देंगी तो..." त्यानं सुरुवात केली.

"ले जाओ," सफूरा म्हणाली. "पैसा नहीं चाहिए. पर वो भी ले जाओ."

तिनं अंगणाकडे बोट दाखवलं. अंगणाच्या ऐन मध्यावर जाळीचं चौकोनी कुंपण होतं, आत सिमेंटमध्ये रोवलेला लोखंडी खांब आणि त्यावर पाऊस मोजायचा डबा.

"ऑफिसवाला बोला, अब मशीन है, अपने आप गिनता है. ये तुम निकाल दो. मैं मुनीर को बोलती, वो बोलता इन्शाल्ला. आज इन्शाल्ला, कल इन्शाल्ला!"

मुनीर जमिनीकडे बघत राहिला.

"त्यात काय आहे," प्रेमानंद उठलाच. "पहार है क्या, मुनीर?"

"अहो, तुमची पाठ!" अनुसया ओरडली. "मागच्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टकडे नेलंय मी तुम्हाला. आणि हे ऊन बघा!"

"अर्ध्या तासाचं काम आहे."

"यल्ला, सर, चलो," मुनीर म्हणाला. आवाजात जीव नव्हता.

काम अर्ध्या तासाचं नव्हतं. ज्यानं खांब रोवला त्यानं तो कयामतीपर्यंत टिकावा म्हणून रोवला होता. बाहेर पहारीचे घाव पडत होते आणि आत पंख्याखाली दोघी बायका बसल्या होत्या. अनुसयाचा संताप मावत नव्हता. सफूरानं तिचा पेला पुन्हा भरला.

"तेरा आदमी ऐसाच है?"

"ऐसाच," अनुसया म्हणाली. मग तिला राहवलं नाही. आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत तिनं सोफ्यापासून मावसबहिणींपर्यंत सगळं सांगून टाकलं. सफूरा मान हलवत ऐकत होती.

"मेरी बहन सलालाह में," ती म्हणाली. "खरीफ की बारिश में सब लोग सलालाह जाता है. ठंडा, हरा. मैं एक बार नहीं गयी. क्यूँ? डब्बा कौन देखेगा! ईद पे मायके गयी तो शाम को वापस. मैं बोलती, अरे, आसमान देख, बादल नहीं है. वो बोलता, देखना पडता है."

"यही! बिलकुल यही बोलता है ये!" अनुसया म्हणाली आणि दोघी इतक्या हसल्या की पहारीचा आवाज क्षणभर थांबला.

सफूराचं हसू आधी ओसरलं.

"फिर शाहीन आया," ती म्हणाली.

ते वादळ अनुसयाला माहीत होतं. मस्कतमध्येही त्या दिवशी रस्ते वाहत होते; पण खाबुऱ्याचं दिसायला लागल्यावर तिनं टीव्हीच बंद केला होता.

"पानी घर में आया. मैं बकरी खोलती, गद्दा उठाती, बहू को बच्चे के साथ छत पे चढाती. मुनीर सोहार में ड्यूटी पे. और वो? वहाँ." तिनं अंगणाकडे पाहिलं नाही. "पानी इधर तक." तिनं कमरेवर हात ठेवला. "डब्बा भर गया तो नापता, खाली करता, फिर खडा रहता. मैं चिल्लाती, आ जा, आ जा. वो बोलता, आज ही तो आया है."

अनुसयानं हातातला पेला खाली ठेवला.

"बाद में खाँसी. हॉस्पिटल. दो महीना. मेडल तो उसके बाद आया, मुनीर गया लेने." सफूरानं खजुराची बी बशीत ठेवली. "मैं रोज सुबह दरवाजा खोलती, सामने वो खंबा. बस. खलास."

बाहेर मोठा धप्प आवाज झाला. खांब आडवा पडला होता. प्रेमानंदचा शर्ट अंगाला चिकटला होता, तळहाताला फोड आले होते आणि तो कंबर धरून वाकून उभा होता. अनुसया धावत गेली.

"झालं समाधान? आता विमानात कुणाच्या खांद्यावर बसून जाणार आहात?"

मुनीरनं खड्ड्यात माती ढकलली, पायानं दाबली. जाळी गुंडाळून भिंतीला लावली. मग डबा उचलला आणि कुणाला न विचारता तो घेऊन घरात गेला. परत आला तेव्हा त्याचे हात रिकामे होते. त्यानं प्रेमानंदकडे पाहिलं नाही. त्याचा चेहरा अनुसयाला दिसला. प्रेमानंदला दिसला की नाही, कळेना. अशा गोष्टी त्याला कधी दिसत नसत.

सफूरानं पदक कागदात गुंडाळून पुढे केलं. "ले."

"अहो," अनुसया हळूच म्हणाली.

"कळतंय मला," तो म्हणाला.

त्यानं कागद उलगडला. पदक पुन्हा एकदा दोन्ही बाजूंनी पाहिलं, अरबी अक्षरांवरून अंगठा फिरवला. बराच वेळ लावला. मग मुनीरचा हात धरून त्यात ते ठेवलं.

"सर, माँ ने दिया है. आप लो."

"रख. और कल मैं फोन करके माँगूँगा ना, तो भी मत देना. मेरा भरोसा नहीं."

मुनीरनं मूठ मिटली. ती त्यानं छातीला लावली.

"दिवसभर माती उकरली आणि निघालो हात हलवत," अनुसया पुटपुटली. "सोफ्याचे लोक येऊन गेले असतील. आणि या पाठीचं करायचं काय मी?" पण मघाचा जोर तिच्या आवाजात राहिला नव्हता. तिनं ओढणीच्या टोकानं त्याच्या मानेवरची माती पुसली.

"बैठो," सफूरा म्हणाली. "चाय पी के जाना."

चुलीची खोली अंगणाच्या पलीकडे होती. उन्हं कलली होती. अंगण आता या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळं झालं होतं, मधे फक्त उकरलेल्या मातीचा एक डाग. सफूरा चहाचं तबक घेऊन तिकडून निघाली. सरळ आली असती तर चार पावलांत पोचली असती. पण मध्यावर येताच ती डावीकडे वळली, जाळी होती तेवढी जागा सोडून, कडेकडेनं, कपातला चहा हिंदकळू न देता इकडे आली.

चहा झाल्यावर अनुसयानं तबक उचललं. "मी ठेवून येते," ती म्हणाली, आणि अंगणात उतरून तीही ती जागा सोडून, वळसा घालून गेली.